पश्चिमेचा समुद्र आणि पूर्वेचा चंद्र

कोकणच्या किनाऱ्यावर उभे राहून समुद्रातून चंद्र उगवताना दिसत नाही. लिहायला संकोच वाटावा इतके हे वाक्य साधे आहे. डहाणूपासून रेडीपर्यंत आपला समुद्र पश्चिमेला आहे आणि चंद्र, सूर्यासारखाच, पूर्वेला उगवतो. पौर्णिमेच्या संध्याकाळी वाळूवर समुद्राकडे तोंड करून बसलेल्या माणसाच्या पाठीमागून, माडांच्या आणि त्यामागच्या डोंगरांच्या वरून तो येतो. समोरच्या पाण्यात त्या वेळी सूर्य बुडत असतो. तरीही ‘सागरावरील चंद्रोदय’ ही छायाचित्राखालची ओळ मराठीत इतकी रुळली आहे, की ती वाचताना आपण किनारा कुठला, दिशा कुठली, हे विचारत नाही.

ते विचारायची वेळ माझ्यावर एका अनुवादाच्या कामात आली. पश्चिम किनाऱ्यावरच्या छायाचित्रांचे एक पुस्तक होते आणि चित्रांखालच्या इंग्रजी ओळी मराठीत आणायच्या होत्या. असले काम अनुवादक सहसा संध्याकाळच्या चहाबरोबर उरकतात. एका पानावर रत्नागिरी जिल्ह्यातला समुद्र होता. क्षितिजाजवळ विझत चाललेला तांबूस उजेड, एका होडीची काळी रेघ, आणि वर होडीसारखीच आडवी पडलेली बारीक चंद्रकोर. चित्र सुरेख होते. खालच्या ओळीचा सरळ अर्थ होता : अरबी समुद्रावरचा चंद्रोदय.

पण ती कोर उगवत नव्हती, मावळत होती. सूर्यास्तानंतर पश्चिमेच्या पाण्यावर दिसणारी कोर शुक्ल पक्षातली दुसरी-तिसरीची असते आणि तास-दीड तासात सूर्याच्या मागोमाग बुडते. मी तसे संपादकांना कळवले. उत्तर आले : मूळ मजकुराशी इमान राखा. पुस्तकात शेवटी ‘चंद्रोदय’च छापले गेले. त्या उत्तरातला ‘मूळ’ हा शब्द मात्र मनात राहिला. छायाचित्राखालच्या ओळीचे मूळ कोणते? इंग्रजी वाक्य, की ते ज्याच्याविषयी बोलते ते चित्र? कवितेचा अनुवाद करताना हा प्रश्न उठत नाही, तिथे मूळ एकच असते. इथे दोन मुळे होती, ती एकमेकांशी भांडत होती, आणि अनुवादकाने दुबळ्या मुळाची बाजू घ्यावी असे सुचवले जात होते.

असल्या तपशिलावर एवढे काय बोलायचे, असे कोणी म्हणेल. चंद्र सुंदर आहे, समुद्र सुंदर आहे, उदय काय नि अस्त काय! पण छायाचित्रातला चंद्र ही नुसती शोभा नसते, ती साक्षही असते. ॲन्सेल ॲडम्सचे हर्नान्डेझ गावावरच्या चंद्रोदयाचे चित्र विसाव्या शतकातल्या सर्वांत प्रसिद्ध छायाचित्रांपैकी एक आहे. ॲडम्सला स्वतःला त्याचे साल नीट आठवत नसे, वेगवेगळ्या वेळी त्याने वेगवेगळी साले दिली. पुढे खगोल जाणणाऱ्यांनी चित्रातल्या चंद्राची उंची आणि जागा मोजली, ॲडम्स कुठे उभा होता ते शोधले, आणि तारीख काढली : १ नोव्हेंबर १९४१, दुपारी पावणेपाचच्या सुमारास. छायाचित्रकाराची स्मृती चुकली, चंद्र चुकला नाही. ज्या चित्रात चंद्र आहे त्यात दिशा, तिथी आणि वेळ या तिन्ही गोष्टी लिहिलेल्या असतात. खालची ओळ त्यांच्याशी विसंगत असेल, तर चित्र त्या ओळीला खोटे पाडते.

मग ही ओळ येते कुठून? माझ्या मते ती पाहण्यातून आलेली नाही, वाचण्यातून आली आहे. चंद्र समुद्रमंथनातून निघालेले रत्न, म्हणून तो समुद्राचा मुलगा. मुलाला पाहून बापाला भरते येते, हा संस्कृत काव्याचा जुना संकेत. ‘रघुवंशा’च्या तिसऱ्या सर्गात नवजात रघूला पाहून दिलीपाचा आनंद मावेनासा होतो, तिथे चंद्र पाहून फुगणारा समुद्र उपमेला येतो. ‘कुमारसंभवा’च्या तिसऱ्या सर्गात शंकराचे धैर्य किंचित ढळते, तिथेही चंद्र उगवू लागतानाचाच समुद्र आहे. शाळेत संस्कृत घेतलेल्या कित्येक मराठी पिढ्यांच्या मनात समुद्र आणि चंद्रोदय ही जोडी अशी पक्की बसली. पुढे इंग्रजी आले आणि त्याबरोबर आर्नल्डचा डोव्हरचा किनारा आला. तो आग्नेयेला तोंड करून आहे, तिथल्या खिडकीतून पाण्यावरचा चंद्र दिसायला भूगोलाची आडकाठी नाही. तुलनात्मक साहित्याच्या वर्गात आम्हाला च्यांग च्यूलिंग हा आठव्या शतकातला चिनी कवी भेटला, त्याच्या सर्वांत गाजलेल्या कवितेच्या सुरुवातीलाच समुद्रावर चंद्र येतो. चीनचाही समुद्र पूर्वेला. ही प्रतिमा जिथे जिथे जोमदार आहे तिथे तिथे किनाऱ्याचे तोंड पाहावे. वर्गात आम्ही प्रभावांचे नकाशे काढत बसलो होतो, साधा नकाशा कोणी भिंतीवर लावला नाही.

कालिदासाची उपमा आपल्या किनाऱ्यावर नेली तर गंमत होते. कोकणात भरतीची वेळ काढायचा एक जुना तोंडी हिशेब आहे : तिथीची पाऊणपट. चतुर्थीला तीन वाजता भरती, अष्टमीला सहाला. पौर्णिमेची पंधरावी तिथी धरली तर सव्वाअकरा येतात, म्हणजे पूर्ण भरती दुपारी आणि मध्यरात्री, बाराच्या आगेमागे. एका भरतीपासून ओहोटीपर्यंत सहा तासांच्या आसपास जातात. तेव्हा पौर्णिमेच्या संध्याकाळी सहा-साडेसहाला, नेमका चंद्र उगवताना, मुंबई-रत्नागिरीचा समुद्र उचंबळत तर नसतोच, उलट दिवसातल्या सर्वांत खालच्या पातळीच्या जवळ असतो. खडक उघडे पडलेले असतात, कालवे फोडणाऱ्या बायका वाकून काम करत असतात. उधाण येते ते चंद्र डोक्यावर आल्यावर, आणि तोवर आपण कोजागिरीचे दूध पिऊन आडवे झालेले असतो. भरतीची वेळ बंदरागणिक बदलते, कारण खाडीचा आकार, तळाचा उतार आणि उपसागराची ठेवण पाण्याला मागे-पुढे ओढतात. एखाद्या बंदरात चंद्र उगवताना खरेच पाणी चढत असेल. आपल्याकडे नाही.

कालिदासाला मी भरती-ओहोटीचे कोष्टक दाखवत नाही. उपमेला कोष्टक लागत नाही, तिला दिलीपाचा आनंद मोजायचा असतो, समुद्र नव्हे. कवितेतला चंद्र कुठूनही उगवो. अडचण सुरू होते ती हाच संकेत ‘अमुक जिल्हा, अमुक गाव’ असे सांगणाऱ्या छायाचित्राखाली जाऊन बसतो तेव्हा. तिथे तो उपमा राहत नाही, दावा होतो. आणि त्या दाव्याखाली, जे खरोखर समोर आहे, ते झाकले जाते.

झाकले जाते ते काय? प्रथम, मराठीतला चंद्र मुळात जमिनीवरचा आहे. बडबडगीतातला चांदोबा झाडामागे लपतो, पाण्यातून वर येत नाही. ‘चंद्रोदय’ हा शब्द मराठी घरात कवितेपेक्षा जास्त वेळा संकष्टीला उच्चारला जातो. १९७३ पासून घरोघरी लागणाऱ्या ‘कालनिर्णय’मध्ये गावोगावच्या चंद्रोदयाच्या वेळा छापलेल्या असतात, आणि त्या पाहून मोदकांचे पाणी केव्हा उकळायला ठेवायचे ते ठरते. इथे फरीदाबादेत हेच करवा चौथला दिसते. आपली आश्विनातली संकष्टी आणि उत्तरेकडची करवा चौथ ही एकच चतुर्थी. आमच्या इमारतीच्या गच्चीवर पंजाबी, हरियाणवी शेजारणी चाळण्या घेऊन आणि मी निरांजन घेऊन, अशा सगळ्या यमुनेच्या दिशेला तोंड करून उभ्या असतो. आठ-सव्वाआठला धुरकटातून एक विटकरी गोळा वर येतो आणि पहिले हात फोनकडे जातात. याच फरीदाबादेतल्या सीही गावी सूरदासांचा जन्म झाला असे परंपरा मानते. त्यांच्या पदांतला कृष्ण चंद्राचा हट्ट धरतो, तेव्हा यशोदा त्याला तो भांड्यातल्या पाण्यात दाखवते. समुद्रापासून दूर राहणाऱ्यांनी चंद्राला पाणी पुरवले ते असे.

दुसरे असे, की कोकणात समुद्रावर चंद्र दिसत नाही असे मुळीच नाही. फक्त तो उगवणारा पूर्णचंद्र नाही. पौर्णिमेचा चंद्र तिथे पहाटे समुद्रात उतरतो, सूर्य वर येण्याच्या सुमारास, फिकट होत, फारसा कोणाला न दिसता. मासेमारीहून परतणाऱ्यांनी तो पाहिलेला असतो, पर्यटक झोपेत असतात. नारळी पौर्णिमेला कोळीवाडे समुद्राला नारळ देतात, तेव्हा सगळ्यांची तोंडे पश्चिमेला असतात आणि श्रावणातल्या ढगांतून निसटलाच तर चंद्र त्यांच्या पाठीमागे, घरांच्या वर उगवतो. ज्या सणाच्या नावात पौर्णिमा आहे त्यात चंद्राकडे पाठ! या दृश्याचे प्रामाणिक छायाचित्र काढायचे तर छायाचित्रकाराला पाण्यात उतरून किनाऱ्याकडे पाहावे लागेल : पुढे माणसांचे चेहरे, मागे चंद्र. असे एखादे चित्र पाहायला मला फार आवडेल.

अपवाद आहेत. गेट वे ऑफ इंडिया १९२४ साली पुरे झाले ते मुंबईच्या पूर्वेच्या पाण्यावर. तिथून बंदरापलीकडे, उरणच्या बाजूने, चंद्र पाण्यावर येतो. मालवणच्या सिंधुदुर्गाच्या तटावरून गावाकडे पाहिले तरी मधल्या पाण्यावर चंद्रोदय मिळतो. पण दोन्हीकडे पाण्यामागे जमीन आहे. समुद्र आणि चंद्र यांच्यामध्ये काहीच नाही असे ते नव्हे.

आता त्या कोरेकडे येते. शुक्ल पक्षातल्या दुसरी-तिसरीला सूर्य बुडाल्यावर पश्चिमेला कोर दिसते आणि कोकणात ती समुद्रावरच दिसते. हा या किनाऱ्याचा खास चंद्र आहे. रत्नागिरी-रायगडातल्या कोकणी मुसलमान वस्त्यांत रमजानच्या शेवटी माणसे जिच्यासाठी क्षितिज न्याहाळतात ती हीच, आणि ते क्षितिज पाण्याचे असते. कपाळावरच्या कुंकवाला मराठीने आकार दिला तो पूर्णचंद्राचा नव्हे, कोरेचा. शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेत वाढत जाणारा चंद्र आहे तोही शुक्ल प्रतिपदेच्या कोरेचा. आणि वाढती कोर आकाशात नेहमी पश्चिमेलाच, सूर्यास्तानंतर दिसते. १६६४ साली सिंधुदुर्गाचे काम सुरू करणाऱ्या राजाच्या मुद्रेतला चंद्र आणि त्या किल्ल्याच्या पश्चिम तटावरून समुद्रावर दिसणारा चंद्र, दोन्ही एकच. मुद्रा घडवणाऱ्याच्या मनात समुद्र होता असे मी म्हणत नाही. एवढेच म्हणते, की आपल्या हाताशी अस्सल, आपल्या दिशेची एक प्रतिमा असताना आपण तिच्याखाली दुसऱ्याच किनाऱ्याचे नाव छापतो आहोत. त्या पुस्तकातल्या छायाचित्रकाराने नेमके हेच चित्र काढले होते. डोळ्यांनी तो कोकणात होता, ओळ लिहिणारा कुठेतरी पुरीला.

केरळचा किनाराही पश्चिमेचाच आहे. तकळींच्या ‘चेम्मीन’मध्ये चांदण्या रात्री किनाऱ्यावर परीकुट्टी गातो, ते गाणे कादंबरीभर ऐकू येते. तिथे महत्त्व आहे ते चांदण्याला, चंद्र उगवण्याच्या सोहळ्याला नव्हे. पश्चिम किनाऱ्याचे हेच खरे : चंद्र पाठीशी आणि त्याचा उजेड समोरच्या पाण्यावर. मराठीकडे यासाठी शब्द कमी नाहीत, टिपूर, पिठूर, नुसते चांदणे. कॅमेऱ्याला मात्र हे कठीण जाते. गुस्ताव ल ग्रे याने १८५६ साली समुद्रावरच्या एका गलबताचे छायाचित्र घेतले. ते चांदण्यातले म्हणून प्रसिद्ध झाले, पण घेतले होते दिवसा, ढगांमागच्या सूर्याच्या उजेडात. त्या काळच्या काचांना चांदण्यात चालत्या लाटा टिपणे शक्यच नव्हते. दोन वर्षे आधी, १८५४ साली, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली होती आणि भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी तिच्यात होते. त्यांच्यापैकी कोणी अपोलो बंदरावर चंद्रासाठी कॅमेरा मांडला असता, तरी हाती काळोखच आला असता.

आज साधन बदलले आहे, मोह तोच आहे. क्षितिजावरचा चंद्र डोळ्यांना थोरला वाटतो, पण तो भास आहे. आकाशात त्याची चकती जेमतेम अर्धा अंश भरते. ५० मिलिमीटरच्या भिंगाने फिल्मवर तिची प्रतिमा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास पडते, २०० च्या भिंगाने दोन मिलिमीटर, आणि फिल्मची चौकट ३६ मिलिमीटर रुंद. फोनच्या भिंगात तर चंद्र तांदळाच्या कणीएवढाही राहत नाही. म्हणून मग चंद्र मोठा करून चिकटवला जातो, सूर्यास्ताला निळा रंग देऊन चंद्रोदय म्हटले जाते, किंवा फोन स्वतःच मदतीला येतो. २०२३ च्या मार्चमध्ये एकाने मुद्दाम धूसर केलेल्या चंद्राच्या चित्राचा सॅमसंगच्या फोनने फोटो काढला, तेव्हा समोर नसलेले खड्डे आणि डाग त्यात उमटले. फोन चंद्र ओळखतो आणि तपशील वाढवतो, असे कंपनीने पुढे समजावून सांगितले. त्या बातमीवर माझे अनुवादक मित्र हसले. मला मात्र ती ओळखीची वाटली. समोरचे धूसर आहे, मग आठवणीतले स्पष्ट भरा : आपण भाषेत हे किती शतके करत आलो आहोत!

चांगले अनुवादकही हे करतात. पुरीच्या किंवा विशाखापट्टणच्या किनाऱ्यावरची एखादी बंगाली वा ओडिया संध्याकाळ मराठीत आणताना मराठी वाचक नकळत पश्चिमेकडे वळतो. समुद्र म्हटले की त्याच्या मनात सूर्यास्त येतो, आणि चंद्र पाण्यातून वर आला की त्याला ते सुंदर पण निराधार वाटते. अशा वेळी ‘पूर्वेच्या समुद्रावर’ हा एक शब्द जास्तीचा घालावा की नाही? मी घालते. काही सहकारी याला तळटीप मजकुरात घुसडणे म्हणतात. मूळ वाचकाला दिशा ठाऊक होती, तो शरीरानेच पूर्वेकडे वळलेला होता. ते वळणे हा मूळ मजकुराचाच भाग आहे, जरी तो छापलेला नसला तरी. याच न्यायाने कोकणातल्या त्या चित्राखाली ‘चंद्रोदय’ लिहिणे हे इमान नव्हे. मी सुचवलेली ओळ होती ‘संध्याकाळ, समुद्रावर मावळती चंद्रकोर’. तिच्यात रोमांच कमी आहे हे मान्य. हिंदी वाचकांपुढे हा प्रश्न वेगळ्या रीतीने येतो. फरीदाबादेत समुद्र म्हणजे सहलीचा समुद्र, कधी पुरीचा, कधी जुहूचा, आणि दोन्हींचे फोटो एकाच फोनमध्ये शेजारी शेजारी असतात. तिथे दिशा पुसली जाणे मी समजू शकते. मराठीला ती सवलत नाही.

मराठीला खराखुरा सागरी चंद्रोदय हवाच असेल तर तोही आहे, फक्त महाराष्ट्रात नाही. कन्याकुमारीला चैत्री पौर्णिमेला सूर्यास्त आणि चंद्रोदय एकाच जागेवरून पाहायला गर्दी होते. तिथले विवेकानंद शिलास्मारक १९७० साली उभे राहिले ते एकनाथ रानडे यांच्या खटपटीने. त्याआधीचा दाखला तंजावरचा. सरफोजी राजे दुसरे यांनी १८१४-१५ मध्ये नेपोलियनवरच्या इंग्रजांच्या विजयाच्या स्मरणार्थ पाल्कच्या सामुद्रधुनीच्या काठी आठ मजली मनोरा बांधला. विजय दुसऱ्याचा, खर्च आपला, पण तो विषय निराळा. तिथे समुद्र पूर्व-आग्नेयेला आहे. उन्हाळ्यातल्या पौर्णिमांना, चंद्र दक्षिणेकडे सरकून उगवतो तेव्हा, मनोऱ्यासमोर पाण्याशिवाय काही नसते. याच राजांनी ‘देवेंद्रकुरवंजी’ हे मराठी नाटक लिहिले, त्यात भविष्य सांगणारी कुरवंजी जगाचा भूगोल सांगते, देश, समुद्र, दिशा सगळे. तंजावरच्या मराठी घरांतून आजही बोलली जाणारी मराठी इकडच्यांना विनोदी वाटते. समुद्रावरच्या चंद्रोदयाविषयी ती काय म्हणते ते मला त्यांच्याकडून ऐकायचे आहे, आणि मनोऱ्यावरून घेतलेले एक छायाचित्रही पाहायचे आहे, चतुर्दशीचे असले तर उत्तम. त्या दिवशी चंद्र पाऊण तास आधी, सूर्य अजून वर असताना उगवतो, आणि पाण्यावर उजेड असल्यामुळे लाटाही दिसतात.